रोमच्या गप्पा अडकत असतील, तर मधोमध एक वस्तू ठेवा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सहा मित्रमैत्रिणी, दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी कुणा एकाच्या घरी चहा-पोहे आणि प्राचीन रोमवर गप्पा. सुरुवात झकास झाली. चौथ्या-पाचव्या बैठकीपासून मात्र गाडी दर वेळी त्याच दोन ठिकाणी जाऊन रुतते: सीझर थोर होता की हुकूमशहा, आणि नीरो वेडा होता की त्याला बदनाम केलं गेलं. एक मित्र भरपूर वाचून येतो आणि दीड तास तोच बोलतो. दोघीजणी आधी गप्प झाल्या, आता येईनाशा झाल्या. म्हणून तुम्ही विचारता, की सगळे एका पातळीवर यावेत यासाठी सगळ्यांनी मिळून आधी कोणतं पुस्तक वाचावं?

पुस्तकाचं नाव मी सांगणार नाही. पुस्तकं वाईट असतात म्हणून नव्हे. तुमची अडचण वाचनाची आहे असं मला वाटत नाही, म्हणून. तुमच्या गप्पांची सुरुवातच निकालापासून होते आहे. ‘सीझर चांगला की वाईट’ हा खटल्याच्या शेवटी विचारायचा प्रश्न. तो पहिल्या चहालाच समोर आला, की ज्याने जास्त वाचलंय त्याच्याकडे जास्त पुरावे असणार, तोच बोलणार आणि बाकीचे मान डोलावणार. सहाजणांनी एकच पुस्तक वाचलं तरी हे बदलत नाही. ज्याचं पाठांतर चांगलं तो पुन्हा पुढे.

मी २६ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर ठाण्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रोमन इतिहासाचा कट्टा सुरू केला, त्याला आता १४ वर्षं झाली. कधी सातजण असतात, कधी बारा. लॅटिन येणारं आमच्यात कुणी नाही. मला शिलालेखापुरती अक्षरं लागतात, तेवढंच. पण गप्पा होतात, आणि संपता संपत नाहीत. त्या तशा का होऊ लागल्या ते सांगते, मग तुमच्या रविवारांकडे वळू.

पहिले पाच महिने आमचा कट्टाही बसत चालला होता. मी शिक्षिका. सवयीप्रमाणे क्रमाने निघाले: उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजशी झालेली युद्धं, ग्राकस बंधू, मारियस, सुल्ला. पहिल्या शनिवारी १७ माणसं होती, पाचव्याला चार उरली. त्या चारांत आमच्याच रस्त्यावर पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू होत्या. पुढच्या वेळी काय घेऊ या असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “बाई, ही माणसं लढली कुठे ते सगळं सांगितलंत. खात काय होती, आणि ते करत कोण होतं?”

पुढच्या शनिवारी मी युरिसासिसच्या थडग्याची छायाचित्रं छापून नेली. रोममध्ये पोर्ता माज्जोरे नावाची वेस आहे. तिच्या बाहेर, दोन जुने रस्ते जिथे फुटतात त्या बेचक्यात, हे थडगं उभं आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातलं. पुढे वेशीचे बुरूज वाढवताना ते आत गाडलं गेलं होतं, १८३८ साली बुरूज पाडले तेव्हा पुन्हा उजेडात आलं. दिसायला अगदी विचित्र. खाली उभी दंडगोलं, वर रांगेने मोठी गोल भोकं. मार्कुस वर्गिलियस युरिसासिस हा पाव बनवणारा आणि सरकारी कंत्राटदार होता, असं त्यावर कोरलं आहे. ती गोल भोकं म्हणजे कणीक तिंबायच्या यंत्रांची तोंडं असावीत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अगदी वरच्या पट्टीत त्याच्या कारखान्यातलं काम ओळीने कोरलं आहे. धान्य येतं, दळलं जातं, चाळलं जातं, कणीक मळली जाते, गोळे होतात, भट्टीत जातात आणि शेवटी टोपल्या भरून तराजूवर चढतात.

मी हे सगळं सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात काकूंनी कागद ओढून घेतला. चष्मा वर सरकवून पाच मिनिटं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “दळायला जनावर लावलंय, मळायलाही जनावर. पण गोळे करायला हात. टेबलाभोवती उभी आहेत बघा सगळी. ते कुठल्याच यंत्राला जमत नाही. माझ्याकडेही मळायचं मशीन आहे, पण लाट्या बायाच करतात.” आणि लगेच पुढचा प्रश्न: “हे कामवाले आखूड कपड्यात आहेत. मग तराजूपाशी लांब वस्त्रं नेसलेले हे कोण?”

ते टोगा घातलेले अधिकारी. माल मोजून घेणारे. हा पाव सरकारी पुरवठ्याचा होता, हे त्या तराजूवरूनच कळतं. मग सरकार कुणाला खाऊ घालत होतं, हा प्रश्न आपोआप आला. रोम शहरातल्या नागरिकांना महिन्याला ५ मोडियस गहू मिळायचा, म्हणजे साधारण ३३ किलो. आधी तो स्वस्तात मिळे, इसवी सनपूर्व ५८ मध्ये क्लोडियस या पुढाऱ्याने तो फुकट केला. लाभार्थींची यादी फुगत फुगत ३,२०,००० वर गेली. सीझरने नवी मोजणी करून ती १,५०,००० वर आणली.

आता गंमत बघा. त्या दिवशी सीझर आमच्या गप्पांत आला, पण कसा आला? रेशनकार्डं निम्म्याहून कमी करणारा माणूस म्हणून आला. त्यावर जे बोलणं झालं ते ‘थोर की हुकूमशहा’पेक्षा कितीतरी खोल होतं. कारण रेशनची यादी आवळली की गल्लीत काय होतं, हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी म्हणालं, खोटी नावं असणारच. कुणी म्हणालं, खोट्यांबरोबर खरीही गेली असणार. बँकेतून निवृत्त झालेल्या एकांनी विचारलं, मोजणी केली कुणी? सीझरचं चरित्र लिहिणाऱ्या सुएटोनियसने त्याचंही उत्तर देऊन ठेवलं आहे: नेहमीच्या पद्धतीने न करता वस्तीवस्तीत, घरमालकांकडून. म्हणजे भाडेकरूंची नावं मालकाने द्यायची. त्यावर अर्धा तास गेला.

युरिसासिसची बायको अतिस्तिया. तिचे अवशेष ‘या पावाच्या टोपलीत’ ठेवले आहेत, असं तिथल्या लेखात आहे. पाववाल्याने बायकोसाठी रक्षापात्र निवडलं, ते पावाच्या टोपलीच्या रूपाचं. हे मी वाचून दाखवलं आणि काकूंनी छायाचित्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं. त्या दिवसापासून आमच्याकडे एकच पद्धत आहे. दर वेळी मधोमध एक वस्तू. तिच्याबद्दल आधी काहीही सांगायचं नाही. पहिली दहा मिनिटं फक्त जे डोळ्यांना दिसतं तेच बोलायचं.

वस्तूपुढे वाचलेला आणि न वाचलेला एका पायरीवर बसतात. उलट पोळ्या करणारी, हिशेब ठेवणारा, शिवणकाम करणारी या माणसांना तिच्यात असं काही दिसतं, जे नुसतं वाचणाऱ्याला दिसत नाही. मग माहिती लागते, आणि तुमचा तो वाचून येणारा मित्र तिथेच मोलाचा ठरतो. त्याला गप्प बसवू नका. तो शेवटी बोलेल, एवढंच ठरवा. दहा मिनिटं प्रश्न जमा झाले, की त्याच्याकडे वळायचं: आता सांग. प्रश्न विचारल्यावर मिळालेलं उत्तर लोक मन लावून ऐकतात. न विचारता मिळालेलं तेच उत्तर भाषण होतं. माझे ते पाच महिने तसेच गेले होते.

आता दुसरी वस्तू. तुमच्या न येणाऱ्या दोघींसाठी मी हिच्यापासूनच सुरुवात करीन. इंग्लंडच्या उत्तरेला व्हिंडोलांडा नावाचं रोमन सैन्याचं ठाणं होतं. तिथल्या ओल्या, हवा न पोचलेल्या मातीत १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडू लागल्या. पोस्टकार्डाएवढ्या, फार तर तीन मिलिमीटर जाडीच्या, शाईने लिहिलेल्या. बऱ्याचशा डोळ्यांना दिसत नाहीत, अवरक्त किरणांच्या छायाचित्रात अक्षरं उमटतात. शिधा, रजेचे अर्ज, याद्या, उसनवारी, कुणाला तरी पाठवलेले मोजे, असं बरंच काही त्यांत आहे. त्यांतली एक पट्टी इसवी सन १०० च्या आसपासची. जवळच्या दुसऱ्या ठाण्यावरच्या अधिकाऱ्याची बायको क्लॉडिया सेवेरा हिने व्हिंडोलांडाच्या प्रमुखाची बायको सल्पिसिया लेपिदिना हिला वाढदिवसाचं बोलावणं धाडलं आहे. आमच्या कट्ट्यावर मी त्याचं मराठी असं वाचते:

“क्लॉडिया सेवेराचा तिच्या लेपिदिनाला नमस्कार. ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस करायचा आहे. तू नक्की ये, मनापासून बोलावते आहे. तू आलीस तर तो दिवस मला जास्त आनंदाचा होईल. तुझ्या सेरियालिसला माझा नमस्कार सांग. माझ्या एलियसचा आणि छोट्याचाही त्याला नमस्कार.”

इथपर्यंतचं अक्षर सफाईदार आहे, कारण ते लेखनिकाचं आहे. त्याखाली उजव्या कोपऱ्यात हात बदलतो. अक्षर वेडंवाकडं होतं, ओळी दाटीने येतात. हे सेवेराने स्वतः लिहिलं: “वाट बघते गं. येते, माझ्या लाडक्या जिवा, सुखी राहा.” बाईच्या हातचं लॅटिन म्हणून जे काही आज शिल्लक आहे, त्यातल्या अगदी जुन्या नमुन्यांत या ओळी मोजल्या जातात.

छायाचित्र आधी दाखवा, अर्थ नंतर सांगा. हात कुठे बदलला ते शोधायला सांगा. लॅटिनचं एक अक्षर न येणाऱ्यालाही ते सापडतं. आमच्याकडे दहावीतल्या मुलीला सर्वांत आधी सापडलं होतं.

मग भाषांतरावर बोला. सेवेरा लेपिदिनाला ‘सोरोर’ म्हणते, म्हणजे बहीण. वर ‘वाट बघते गं’ म्हणताना मी त्याचा नुसता ‘गं’ केला, कारण मराठीत मला ठरवताच येईना. ताई म्हणावं तर लेपिदिना मोठी ठरते. नाव घेऊन अगं-तुगं करावं तर बरोबरीची किंवा धाकटी. लॅटिन शब्दात हे काहीच नाही. आमच्या कट्ट्यावर यावरून दोन तट आहेत. सैन्यात लेपिदिनाच्या नवऱ्याचा हुद्दा काय, सेवेराच्या नवऱ्याचा काय, कोण कुणाला ‘अहो’ म्हणत असेल, इथपर्यंत ते बोलणं जातं. या दोघी सख्ख्या बहिणी नव्हत्या, एवढं मात्र नावांवरूनच कळतं.

तुम्ही प्रश्नात एक ओळ लिहिली आहे, की सगळी नावं सारखीच वाटतात आणि डोकं चक्रावतं. त्याचा उलगडा या पट्टीवरूनच करून घ्या. रोमन मुलीला वडिलांच्या कुळाचं नाव मिळे. क्लॉडियसची लेक क्लॉडिया, सल्पिसियसची सल्पिसिया. कुळं वेगळी म्हणजे बाप वेगळे. एकाच घरात दोन मुली असतील तर दोघीही क्लॉडियाच, मग थोरली आणि धाकटी म्हणायचं. पुरुषांची स्थिती फार बरी नव्हती. स्वतःची म्हणावीत अशी पहिली नावं नेहमीच्या वापरात जेमतेम दीड डझन. म्हणून पानोपानी गायस, लुसियस आणि मार्कुस भेटतात. ओळख पटते ती शेवटच्या नावावरून, आणि ते बरेचदा आपल्या टोपणनावासारखं असतं. सिसेरो म्हणजे हरभऱ्यावरून आलेलं नाव. गायस ज्युलियस सीझर या नावातला ज्युलियस म्हणजे कूळ. एवढं एकदा डोक्यात बसलं, की निम्मा गोंधळ जातो. उरलेल्या निम्म्यासाठी भिंतीवर एक कागद लावा आणि भेटलेल्या प्रत्येक माणसाचं नाव त्यावर एका ओळीत लिहा. युरिसासिस, पाववाला. सेवेरा, वाढदिवसवाली. आमचा कागद आता तीन चार्टपेपरचा झाला आहे.

तारखेचंही तसंच. पट्टीवर ११ सप्टेंबर असं लिहिलेलं नाही. ‘सप्टेंबरच्या ईदुसच्या आधी तिसरा दिवस’ असं आहे. ईदुस म्हणजे महिन्याच्या मधला ठरलेला दिवस, सप्टेंबरात १३ तारीख. रोमन लोक त्या दिवसाकडे मागून मोजत यायचे आणि दोन्ही टोकं धरायचे. १३ पहिला, १२ दुसरा, ११ तिसरा. सीझरचा खून झाला तोही ईदुसलाच, पण मार्चातला ईदुस १५ ला येतो.

इथवर माझं म्हणणं एवढंच, की वस्तू आधी, माहिती मागून आणि निकाल सगळ्यांत शेवटी. आता नीरोकडे येते. तो विषय तुम्ही टाळावा असं मी म्हणत नाही. सहाजणांना त्याची ओढ आहे तर तो बोलायलाच हवा.

त्यासाठी आमच्याकडे एक नियम आहे. कुणीही कुणाचा दाखला दिला, की पहिला प्रश्न: घटना घडली तेव्हा सांगणारा किती वर्षांचा होता? रोमची मोठी आग लागली इसवी सन ६४ मध्ये, १८ जुलैच्या रात्री. इतिहासकार टॅसिटस तेव्हा साधारण आठ वर्षांचा. सुएटोनियस जन्मलेला नव्हता. तिसरा इतिहासकार कॅसियस डिओ तर त्यानंतर १०० वर्षांच्या आसपास जन्मला. आता तिघं काय म्हणतात ते शेजारी शेजारी मांडा. टॅसिटस म्हणतो, नीरो आग लागली तेव्हा रोमबाहेर, अँटियमला होता. परत आल्यावर त्याने बेघरांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या, ओस्तिया बंदरातून अन्न आणवलं, धान्याचा भाव उतरवला. आग अपघाताने लागली की बादशहाच्या कपटाने, हे नक्की नाही आणि लिहिणारे दोन्ही सांगतात, असंही तो लिहितो. शहर जळत असताना नीरो ट्रॉयच्या विध्वंसाचं गाणं गात होता, ही त्याच्याकडे अफवा म्हणून येते. सुएटोनियसकडे येईपर्यंत तीच गोष्ट ठाम होते, आणि नीरो कुठल्या मनोऱ्यावर कुठल्या वेषात उभा होता तेही ठरतं. फिडल तर त्या काळी नव्हतंच. सांगणारा जितका लांबचा तितकं चित्र जास्त रेखीव, हे तुमच्या मित्राने स्वतः मांडून दाखवलं, तर त्याच्या वाचनाचं चीज होईल आणि बाकीच्यांना कुणाची बाजू घ्यावी लागणार नाही.

आणि मग वस्तू: नीरोची दोन नाणी. चांदीच्या नाण्याला दिनारियस म्हणत. आधी एका रोमन पौंडातून ८४ नाणी पाडत. नीरोने सन ६४ च्या सुमारास ती ९६ केली आणि चांदीचा कसही उतरवला. म्हणजे साधारण ३.९ ग्रॅमचं नाणं ३.४ ग्रॅमवर आलं. आम्ही जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे सोनाराच्या काट्यावर तेवढ्या वजनाचे करून घेतले होते. डोळे मिटून हातात घ्यायचे आणि हलका कोणता ते सांगायचं. बहुतेकांना कळलं नाही. पण ज्याच्या थैलीत हजार नाणी असतील, त्याला कळलं असतं का? जळालेलं शहर उभं करायला पैसा कुठून आला, हा प्रश्न त्यातून निघतो, आणि तो नीरोच्या वेडेपणाच्या चर्चेपेक्षा त्याच्या राज्याबद्दल जास्त सांगतो.

एक सावधगिरी. खरी रोमन नाणी विकत घ्यायच्या मागे लागू नका. आमच्यातल्या एकांनी एका विक्रेत्याकडून मोठ्या हौसेने ‘टायबेरियसचं दिनारियस’ आणलं. कडेला बारीक शिवण होती. रोमन नाणी ठशावर हातोडा मारून पाडत, तिथे अशी शिवण येत नाही. साच्यात ओतलेल्या नकलेला ती येते. त्यांना फार वाईट वाटलं आणि दोन महिने ते आले नाहीत. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर उत्तम छायाचित्रं असतात. काळीपांढरी प्रत आणि एक भिंग एवढं पुरतं.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. तुमचा गट सहाजणांचा आहे, त्याला ही पद्धत चांगली मानवेल. पंधरा-वीस झाले तर एका कागदाभोवती जमता येत नाही, दोन टोळ्या कराव्या लागतात. कुणी परीक्षेसाठी रोमचा अभ्यास करत असेल, तर त्याला क्रमवार वाचन लागणारच. त्याची गरज इथे भागणार नाही, तसं त्याला आधीच सांगा. आणि तुमच्यातल्या चौघांना खरोखर लढायाच आवडत असतील, तर लढायाच घ्या. वस्तू तिथेही असते. इसवी सनपूर्व २१६ मध्ये इटलीतल्या कॅनीला कार्थेजचा सेनापती हानिबलने रोमचं सैन्य कापून काढलं. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो, की हानिबलचा भाऊ मागो याने मेलेल्या रोमन सरदारांच्या सोन्याच्या अंगठ्या कार्थेजला नेऊन सभेच्या दारात ओतल्या. मोडियस हे धान्याचं माप, आपल्या पायलीसारखं. काहींच्या मते तीनहून जास्त मापं भरली. पण एका मापापेक्षा जास्त नसाव्यात हेच खऱ्याच्या जवळचं, असं लिव्ही स्वतःच म्हणतो. एक पायली घ्या आणि तीत अंगठीएवढ्या चकत्या भरून मोजा. आकडा ऐकून जे कळत नाही ते हाताला कळतं. मात्र वयाचा नियम इथेही लावा. लिव्ही जन्मला तेव्हा कॅनी होऊन दीडशेच्या वर वर्षं झाली होती.

तुम्ही असंही लिहिलं आहे, की एक मित्र प्रत्येक गोष्टीची तुलना आपल्याकडच्या इतिहासाशी करतो आणि त्यावरून वाद पेटतो. तुलना करू द्या, पण समोरची वस्तू पुरती बघून झाल्यावर. त्याच्यासाठी तर एक बैठक राखूनच ठेवा, कारण जिथे खराच धागा आहे तिथे तुलनेची गरजही उरत नाही. १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत एका घरात हस्तिदंताची लहानशी स्त्रीमूर्ती सापडली. वीतभराहून थोडी उंच, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या सेविका, घडण पूर्ण भारतीय. पाँपेई सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधी तिथे पोचलेली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिला आधी लक्ष्मी म्हणत, आता बरेच जण यक्षी म्हणतात. जालना जिल्ह्यातलं भोकरदन आणि धाराशिवजवळचं तेर इथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचं जवळचं साम्य आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलेल्या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, ही दोन्ही नावं आहेत. भडोचहून पैठण वीस दिवसांवर, तिथून पूर्वेला तगर दहा दिवसांवर. पैठणचा गोमेद आणि तगरचं कापड गाड्यांवरून भडोच बंदरात यायचं. आमच्या कट्ट्यावरचे पाचजण तेरला जाऊन तिथलं संग्रहालय बघून आले. मूर्तीसमोर एकजण नुसतंच म्हणाले, “ही इथलीच, आणि ती तिकडे गेली.”

याच बैठकीला मिरीचे चार दाणे बशीत ठेवा. सन ७७ च्या सुमारास रोमन लेखक प्लिनी काळ्या मिरीचा रोममधला भाव देतो: पौंडाला ४ दिनारियस. रोमन पौंड म्हणजे साधारण ३२७ ग्रॅम. त्या वेळी साध्या शिपायाचा वर्षाचा पगार २२५ दिनारियस. भागाकार करा. पाव किलोहून थोड्या जास्त मिरीला साडेसहा दिवसांचा पगार. भारत दर वर्षी साम्राज्याकडून ५ कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो, अशी तक्रारही हाच प्लिनी करतो. चार सेस्टर्शियसचं एक दिनारियस. हे गणित सगळ्यांनी कागदावर आपापलं करायचं. यात वाचून आलेल्याला काही फायदा नसतो.

पुढच्या रविवारचं विचारलंत, म्हणून माझं मत सांगते. सेवेराची पट्टी घ्या. त्या दोघींना ‘परत या’ असा निरोप पाठवू नका. त्यातल्या एकीला छायाचित्र पाठवा आणि एवढंच विचारा, की यात दोन माणसांचं अक्षर आहे, दुसरं कुठे सुरू होतं ते तुला दिसतंय का? तिने शोधून आणलं, की बैठकीत तिलाच दाखवू द्या. दुसरीला सांगा, की शेवटची ओळ तिने मराठीत करून आणावी, ‘बहीण’ला काय म्हणायचं ते तिने ठरवावं. पोहे झाले की कागद मधोमध. वाचून येणाऱ्या मित्राकडे तीन प्रश्न आधीच सोपवा: हे ठाणं नेमकं कुठे होतं, तिथलं सैन्य मूळचं कुठलं, आणि जवळची हेड्रियन बादशहाची भिंत तेव्हा बांधलेली होती का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आहे, भिंतीचं काम सन १२२ ला सुरू झालं. पण ते त्याला शोधू द्या.

तुमचा प्रश्न ऑगस्टच्या शेवटी आला आहे. पंधरवड्याच्या हिशेबाने तुमची पुढची नाही तर त्यापुढची बैठक ११ सप्टेंबरच्या आसपास येईल. जमलं तर तीच धरा. लेपिदिना त्या वाढदिवसाला गेली की नाही, हे कुठल्याच पट्टीवर लिहिलेलं नाही. त्यावर तुमच्याकडे काय बोलणं होतं, ते मला जरूर कळवा.